आग कुठून लागली? घरातल्या आगीचा माग काढताना

घरात लागलेल्या आगीचं कारण कसं ठरवतात, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यात आग लागली. अहवालात कारण म्हणून ‘शॉर्टसर्किट’ एवढंच लिहिलंय. पुरावा म्हणून टोकाला मणी झालेली तांब्याची वायर दाखवतात. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. जळालेल्या घरात अशी वायर सापडणारच. आग कशानेही लागलेली असो, ती वीज चालू असलेल्या वायरपर्यंत पोचली की इन्सुलेशन जळतं, फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकतात, ठिणगी उडते आणि तांब्याला मणी येतो. शॉर्टसर्किट झालं हे खरं, पण त्याने आग लागली की आगीमुळे ते झालं, हे मणी सांगत नाही. नुसत्या डोळ्यांनी सोडाच, सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही हा फरक खात्रीने सांगता येईल अशी पद्धत सिद्ध झालेली नाही.

मणी बघून दोन गोष्टी मात्र कळतात. एक म्हणजे, तो ठिणगीने झालाय की नुसत्या उष्णतेने. ठिणगीचा मणी छोटा आणि गोल असतो. वितळलेला भाग जिथे संपतो तिथूनच शाबूत तार सुरू होते. तार ओढून बनवताना तिच्यावर उमटलेल्या बारीक रेषाही तिथे जशाच्या तशा दिसतात. शेजारच्या तारेवर त्याच जागी बऱ्याचदा जोडीचा खड्डा सापडतो. उष्णतेने वितळलेली तार तशी नसते. ती हळूहळू बारीक होत जाते, ओघळते, आतल्या बारीक तारा लांबपर्यंत एकमेकींना चिकटतात. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि खोलीतली जोराची आग त्याच्या आसपास पोचू शकते. इथे अ‍ॅल्युमिनियमही फसवतं. ते ६६० अंशांनाच वितळतं, आणि त्याचा थेंब तापलेल्या तांब्यावर पडला की दोघांचा मिश्रधातू होऊन तांबं ५४८ अंशांपासूनच विरघळू लागतं. अशी तार टोकाला रुपेरी दिसते आणि वाकवली की तुटते. तिला ठिणगीचा पुरावा समजू नये.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. ठिणग्यांच्या जागा नकाशावर मांडल्या तर आग त्या सर्किटपर्यंत आधी कुठे पोचली याचा अंदाज येतो. समजा, मेन बोर्डाकडून निघालेली वायर आधी दारापाशी, मग खिडकीपाशी आणि शेवटी टीव्हीपाशी जाते. दारापाशी ठिणगीने वायर तुटलेली आहे आणि टीव्हीपाशीही ठिणगीची खूण आहे. दारापाशी आधी तुटली असती तर पुढे वीजच गेली नसती आणि टीव्हीपाशी ठिणगी उडाली नसती. म्हणजे टीव्हीपाशी आधी जळलं. पण त्यातूनही तिथलं इन्सुलेशन आधी गेलं एवढंच ठरतं. ते कशाने गेलं हा प्रश्न उरतोच.

चांगल्या अहवालात तीन उत्तरं असायला हवीत : पहिल्यांदा पेटलेली वस्तू कोणती, तिला पेटवणारी उष्णता कुठून आली, आणि ही दोन्ही एकत्र कशी आली. ‘शॉर्टसर्किट’ हे फार तर दुसऱ्याचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं लेखी मागा.

प्रश्न : आमचा गिझरचा सॉकेट भिंतीतच जळून कोळसा झाला, तरी एमसीबी पडला नाही. एमसीबी खराब होता का?

उत्तर : बहुधा नाही. सैल जोड एमसीबीला (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचला) दिसतच नाही, आणि घरातल्या विजेच्या आगींमागे सैल जोड हे एक मोठं कारण आहे.

हिशेब करून बघा. टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला आणि तिथला अवरोध अर्ध्या ओहमवर गेला. त्यातून १० अँपिअर वाहिले तर त्या एका टोकावर ५० वॅट उष्णता तयार होते (प्रवाहाचा वर्ग गुणिले अवरोध). सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता बंद प्लास्टिकच्या डब्यात, रोज, गिझर चालू असेल तितका वेळ. एमसीबीच्या लेखी मात्र सर्किटमधून १० अँपिअरच जातायत, सगळं ठीक आहे. तापणं आणि थंड होणं चालू राहतं तसा स्क्रू आणखी ढिला होतो, धातूवर ऑक्साइड चढतं, अवरोध वाढतो, आणि एका टप्प्यावर जोड लालबुंद होऊन तसाच धगधगत राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत हे लवकर होतं, कारण तो धातू दाबाखाली सरकतो आणि त्याच्यावरचं ऑक्साइड वीज वाहू देत नाही.

एमसीबी कशावर पडतो तेही लक्षात घ्या. १६ अँपिअरचा एमसीबी साधारण १८ अँपिअर तासभर सोसतो. २३ अँपिअरला तासाच्या आत पडायला हवा. झटक्यात पडायला त्याच्या क्षमतेच्या काही पट प्रवाह लागतो : बी प्रकाराला ३ ते ५ पट, सी प्रकाराला ५ ते १० पट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फक्त गळती पकडतो, म्हणजे फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलने पूर्ण परत आली नाही तर. सैल जोडात ती पूर्ण परत येते.

आता तुमचा सॉकेट उघडल्यावर काय बघायचं. तिन्ही टर्मिनलांपैकी एकच काळं-निळं पडलंय आणि बाकीची पितळी रंगाची आहेत का? त्याच टर्मिनलच्या वायरीचं टोक खाल्ल्यासारखं खडबडीत आहे का? तिचं इन्सुलेशन टोकापासून काही सेंटीमीटर कडक होऊन तडकलंय आणि पुढे मऊ आहे का? प्लास्टिक आतून बाहेर जळत आलंय का? तसं असेल तर जोड सैल होता. बाहेरच्या आगीने जळलेला सॉकेट पुढून वितळतो आणि सगळ्या पिनांभोवती साधारण सारखाच. जास्त लोडने जळलेली वायर तिसऱ्या प्रकारची असते : तिचं इन्सुलेशन तांब्याकडून बाहेर, संपूर्ण लांबीवर खराब होतं आणि नळीसारखं सुटून येतं.

लोडचा संशय असेल तर वायरीची जाडी आणि एमसीबीवरचा आकडा दोन्हींचा फोटो काढा. सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला अनेक घरांत सापडतो; वायर तीच राहते आणि तिचं संरक्षण जातं. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या पातळ वायरीला तेवढा प्रवाह झेपत नाही, आणि ती रिळावर गुंडाळलेली असेल तर उष्णता आतच कोंडते.

प्रश्न : सगळ्यात जास्त जिथे जळलं तिथेच आग लागली, असं धरायचं ना?

उत्तर : आग लवकर विझली असेल तर बऱ्याचदा हो. खोली पूर्ण पेटली असेल तर असं धरणं धोक्याचं आहे, आणि यावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण या एका समजुतीमुळे निरपराध माणसांवर खुनाचे आरोप लागले आहेत.

आग वर आणि बाजूला पसरते, त्यामुळे भिंतीवर इंग्रजी ‘व्ही’सारखा काळा आकार उमटतो आणि त्याचं टोक आगीच्या उगमाकडे असतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत हे खरं असतं. पुढे छताखाली तापलेल्या धुराचा थर साचतो. तो ६०० अंशांच्या आसपास पोचला की त्याची धग खाली पडून सोफा, पडदे, गालिचा सगळं जवळजवळ एकदम पेटतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर खोलीत इंधन भरपूर आणि प्राणवायू कमी अशी स्थिती होते. मग जोर तिथे, जिथे हवा येते : दारात, फुटलेल्या खिडकीखाली, दाराच्या सरळ रेषेतल्या भिंतीवर. सगळ्यात खोल कोळसा तिथे होतो, आणि आग लागलेली असते भलत्याच कोपऱ्यात.

अमेरिकेत लास व्हेगासला २००५ मध्ये याची परीक्षाच घेतली गेली. दोन खोल्या पेटवून फ्लॅशओव्हरनंतर साधारण २ मिनिटं जळू दिल्या आणि ५३ तपासनिसांना विचारलं, आग खोलीच्या चारपैकी कोणत्या भागात लागली? प्रत्येक खोलीचं बरोबर उत्तर फक्त तिघांना देता आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी १३ जणांचं बरोबर आलं असतं.

त्याआधी १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे लाइम स्ट्रीटवरचा प्रयोग झाला होता. एका घराच्या आगीत ६ जण गेले होते आणि फरशीवरचे डाग बघून पेट्रोलसारखं काही ओतल्याचा आरोप एका माणसावर होता. त्याच रांगेतलं तसंच घर तसंच सजवून नुसता सोफा पेटवला. साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर हुबेहूब तसेच डाग उमटले. आरोप मागे घेतला गेला.

काचेवर पडणाऱ्या बारीक तड्यांच्या जाळ्याचंही असंच. ‘फार झपाट्याने तापली म्हणून, म्हणजे ज्वलनशील द्रव होता’ असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यानंतर जळालेली ५० घरं तपासली गेली. कोणी काही ओतलेलं नसताना तिथेही अशा काचा होत्या. प्रयोगांत कळलं की तापलेल्या काचेवर पाणी पडलं की हे जाळं तयार होतं. लाकडावरच्या मगरीच्या पाठीसारख्या चकचकीत कोळशावरून किंवा काँक्रीटची खपली उडाल्यावरून काढलेले निष्कर्षही तितकेच कच्चे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? आग लहान असताना ती ज्यांनी पाहिली त्यांच्या सांगण्यावर, शेजाऱ्यांच्या मोबाइलमधल्या पहिल्या मिनिटांच्या चित्रणावर, कॅमेऱ्यांच्या नोंदींवर, वर सांगितलेल्या ठिणग्यांच्या नकाशावर. आणि या सगळ्यांचा मेळ बसतो का, यावर.

प्रश्न : खिडकीची काच आधीच कोणी फोडली होती, असा आम्हाला संशय आहे. काही कळतं का?

उत्तर : कळतं, तुकडे झाडून टाकले नसतील तर. धगीने तडकलेल्या काचेच्या भेगा वळणदार असतात आणि कडा गुळगुळीत. आघाताने फुटलेल्या काचेत एका बिंदूपासून सरळ भेगा फाकतात आणि कडांवर शिंपल्यासारख्या बारीक वळणरेषा असतात. जमिनीवरचा तुकडा उलटून बघा : आतल्या बाजूला काजळी नाही आणि खालची फरशीही स्वच्छ आहे, तर तो धूर साचण्यापूर्वी पडलाय. मात्र अग्निशमन दलही काचा फोडतं, त्यामुळे कोणती खिडकी त्यांनी फोडली ते आधी विचारा.

प्रश्न : आग विझल्यावर घरच्यांनी नेमकं काय करावं आणि काय करू नये?

उत्तर : अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय आत जाऊ नका. पुठ्ठ्यांत, गाद्यांत, छताच्या फटीत निखारा तासन्‌तास राहतो. वीज खांबाकडून किंवा मीटरपाशी तोडलेली आहे याची खात्री करा. मास्क, जाड तळव्याचे बूट, हातमोजे घाला. जळालेल्या प्लास्टिकची राख फुप्फुसांना वाईट.

मग हात खिशात ठेवा. हे शब्दशः घ्या. सगळ्यात जास्त पुरावा आवराआवरीत नष्ट होतो. एमसीबी वर-खाली करून बघू नका. कोणता पडलेला आणि कोणता चालू, ही नोंद अमूल्य आहे. गॅसच्या शेगडीचे नॉब फिरवू नका. प्लग सॉकेटमधून ओढू नका. जिवाच्या भीतीने कोणी रेग्युलेटर बंद केला असेल तर ते योग्यच केलं. फक्त कोणी, किती वाजता, तो आधी कसा होता, हे लिहून ठेवा.

फोटो बाहेरून आत असे काढा. इमारतीच्या चारही बाजू, मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, छत, जमीन, आणि शेवटी जवळून वस्तू. जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. न जळालेल्या खोल्यांचेही फोटो हवेत. धूर कुठून कुठे गेला ते काजळीच्या रेषेवरून तिथेच दिसतं. घराचा हातानेच नकाशा काढून फर्निचर आणि उपकरणं कुठे होती ते मांडा. दोन दिवसांनी आठवण बदलते.

ढिगारा फावड्याने उपसू देऊ नका. त्याचे थर असतात : वर छताचे तुकडे, त्याखाली फळीवरून पडलेलं सामान, तळाशी आधीपासून जमिनीवर असलेलं. तपासनीस खोलीचे चौकोन पाडून थर एकेक करून काढतो आणि राख साधारण ६ मिलिमीटरच्या जाळीतून चाळतो, कारण स्क्रू, वितळलेला थर्मोस्टॅट, बॅटरीचा सेल अशा गोष्टी त्यातच असतात.

जवळून बघण्यासारखी एक गोष्ट म्हणजे प्लगच्या पिना. ‘इस्त्री लावलेलीच नव्हती’ असं सगळे सांगतात. पण प्लगचं प्लास्टिक जळून गेलं तरी पिना राहतात. त्या बुडापाशी काळ्या आणि टोकाकडे चकचकीत असतील, तर आगीच्या वेळी त्या सॉकेटच्या आत होत्या. सगळीकडून सारख्याच काजळलेल्या असतील तर बाहेर होत्या.

संशयित उपकरण उघडू नका. वायर, प्लग, जळालेला सॉकेट यांसह ते अखंड ठेवा. वायर कापावीच लागली तर उपकरणापासून निदान ३० सेंटीमीटर सोडून कापा आणि दोन्ही टोकांना खूणचिठ्ठी लावा. विमा सर्वेअर आणि उत्पादकाचा माणूस समोर असतानाच ते उघडलं जावं, नाहीतर पुढे प्रत्येक जण म्हणेल की बिघाड उघडताना झाला. उघडण्याआधी एक्स-रे काढता आला तर उत्तम. स्विचचे आतले संपर्क जोडलेले होते की सुटलेले, ते त्यात दिसतं.

प्रश्न : शेगडीवर तेल तापत होतं, पण गॅस बंद केला होता असं आमच्या मदतनीसांचं म्हणणं आहे. खरं-खोटं कसं ठरवणार?

उत्तर : नॉबचं प्लास्टिक वितळतं, पण त्यामागची पितळी कांडी ज्या स्थितीत होती त्या स्थितीत राहते. ती चालू-बंद कुठे आहे ते व्हॉल्व्हच्या एक्स-रेत स्पष्ट दिसतं. भांडं कोणत्या बर्नरवर होतं ते बघा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वितळून त्या बर्नरमध्ये उतरलेलं सापडतं. तेल साधारण २०० अंशांपुढे धुरायला लागतं आणि ३५० अंशांच्या वर आपोआप पेट घेऊ शकतं, ज्वाला लागायचीही गरज नसते. आच बंद केल्यावर तेल थंड होत जातं. म्हणून तेल पेटलं असेल तर आच चालू होती किंवा नुकतीच बंद झाली होती. माणूस खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. धूर बघून घाबरून नॉब फिरवलेला आणि मग ‘बंद होता’ एवढंच आठवणारा माणूस खरंच बोलत असतो.

गॅसगळतीचा भडका वेगळा दिसतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के असेल तेव्हाच पेटतो. भिंती किंवा दारं बाहेर ढकलली गेलेली आणि जळणं मात्र वरवरचं, असं दिसलं तर आधी स्फोट, मग आग, असा क्रम संभवतो.

प्रश्न : पेट्रोल टाकून आग लावल्याचा संशय आहे. नमुना आम्हीच पिशवीत भरून ठेवला तर चालेल का?

उत्तर : साध्या प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. त्यातून वाफ निसटते आणि बाहेरची आत शिरते. स्वच्छ, घट्ट झाकणाचा धातूचा डबा किंवा काचेची बरणी लागते, दोन तृतीयांश भरलेली. वरची मोकळी जागा वाफेसाठी. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. त्याच गालिच्याचा किंवा लाकडाचा, संशय नसलेल्या जागेचा नमुनाही वेगळा घ्यावा लागतो, कारण जळालेल्या फोममधून आणि गालिच्यातून टोल्युइन, स्टायरीन यांसारखी रसायनं स्वतःच बाहेर पडतात. तुलनेशिवाय प्रयोगशाळेचा निकाल चुकीचा वाचला जाऊ शकतो. हे काम तपास अधिकाऱ्यांकडूनच करून घ्या; तुम्ही फक्त जागा झाकून ठेवा. श्वानाने खूण दाखवली तरी गॅस क्रोमॅटोग्राफीने (नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) दुजोरा मिळेपर्यंत तो संकेतच असतो.

प्रश्न : अहवालात ‘कारण अनिश्चित’ लिहिलंय. म्हणजे तपासात टाळाटाळ झाली का?

उत्तर : तसं नाही. अपघाती, नैसर्गिक, हेतुपुरस्सर आणि अनिश्चित हे चारही मान्य वर्ग आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची एनएफपीए ९२१ ही मार्गदर्शिका १९९२ मध्ये पहिल्यांदा आली आणि आज जगभर वापरली जाते. ‘बाकीची सगळी कारणं बाद झाली, म्हणून उरलेलं हेच, पुरावा नसला तरी’ ही पद्धत तिने स्पष्टपणे नाकारली आहे. पुरावा जळून गेला असेल तर अनिश्चित हेच प्रामाणिक उत्तर. तुम्ही मागायचं ते हे : कोणकोणत्या शक्यता तपासल्या, प्रत्येक कशाच्या आधारे बाद केली, कोणती बाद करता आली नाही. ही यादीच नसेल तर मात्र तक्रारीला जागा आहे.

प्रश्न : फर्निचरला तेल-पॉलिश केल्यावर कोपऱ्यात ठेवलेल्या चिंध्या रात्री पेटल्या. आसपास काही नव्हतं. हे शक्य आहे?

उत्तर : जवसाच्या तेलाचं पॉलिश असेल तर नक्की. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. बोळा केलेला असेल तर आतच साठते, तापमान वाढतं तशी क्रियाही वाढते, आणि काही तासांत बोळा आतून धुमसायला लागतो. तपासात ढिगाचा मधला भाग जास्त जळालेला आणि बाहेरचा कमी, हे महत्त्वाचं चिन्ह. उरलेल्या चिंध्या आणि तेलाचा डबा ठेवून द्या. पुढच्या वेळी चिंध्या दोरीवर एकेरी वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

प्रश्न : चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरची बॅटरी जळाली. तिचे अवशेष विम्यासाठी घरात ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण घरात नको. जळालेल्या लिथियम बॅटरीत न जळालेले सेल उरतात आणि ते काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटतात. उघड्यावर, भिंतीपासून आणि वाहनांपासून काही मीटर दूर, पाऊस लागणार नाही असं ठेवा; डबा हवाबंद नको. दूर उडालेले सेलही गोळा करायला सांगा, पण कुठे पडले होते त्याचा फोटो आधी. चार्जर, त्याची पिन आणि त्यावरचं लेबल बॅटरीइतकंच महत्त्वाचं आहे, कारण व्होल्टेज जुळत नसलेला चार्जर वापरला होता का, हे तपासनीस पहिल्यांदा बघतो.